वर्णद्वेष, मंडळीचा पैसा आणि प्रभूचे मेज

बेळगाव शहराला लागून असलेल्या कंग्राळी बुद्रुक व कंग्राळी खुर्द या गावांत, किंवा निपाणीकडील एखाद्या खेड्यात, सेवा करणाऱ्या पाळकाने वा प्रचारकाने दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषाविषयी आणि त्याविरुद्ध अमेरिकेत उभ्या राहिलेल्या चळवळीविषयी कशासाठी वाचावे, असा प्रश्न कोणी विचारल्यास तो गैर म्हणता येणार नाही. तो लढा सातासमुद्रापलीकडचा, आणि १९९४ साली त्याचे पर्व संपलेही. तथापि या इतिहासात एक प्रश्न असा आहे की, तो आमच्या मंडळ्यांच्या दारापर्यंत येतो. दुसऱ्यावर होणाऱ्या अन्यायात आपला स्वतःचा पैसा गुंतला आहे असे कळले, तर मंडळीने काय करावे? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आम्ही ही हकिकत वाचकांपुढे ठेवीत आहो.

एकाच घरची भावंडे

प्रथम आपल्या नात्याची ओळख करून घेऊ. बेळगावात सुवार्तेचे काम लंडन मिशनरी सोसायटीने १८२० साली आरंभिले व १९०४ साली ते अमेरिकन मेथॉडिस्ट मंडळीच्या हाती सोपविले. हीच लंडन मिशनरी सोसायटी १७९९ पासून दक्षिण आफ्रिकेत काम करीत होती. ज्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ साली मुंबईस उतरले व ज्यांनी १८३१ साली अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे ठाणे उभारिले, त्याच बोर्डाने १८३५ साली झुलू लोकांमध्ये काम करण्यासाठी नाताळ प्रांतात माणसे पाठविली. म्हणजे मराठी मंडळी व झुलू मंडळी या एका अर्थी एकाच घरी वाढलेल्या बहिणी होत.

नाताळमध्ये या बोर्डाच्या ॲडम्स कॉलेजात आल्बर्ट लुथुली शिकले व पुढे तेथेच शिक्षक झाले. ते काँग्रिगेशनल मंडळीचे निष्ठावंत सभासद होते. १९३८ साली मद्रासजवळ तांबरम येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय मिशनरी परिषदेस ते आले होते, आणि १९४८ साली त्यांनी अमेरिकेचा दौरा करून तेथील मंडळ्यांपुढे भाषणे दिली.

आमच्या सीमाभागालाही या विचारांचा वारसा आहे. दक्षिण आफ्रिकेत सत्याग्रहाचे शस्त्र घडविणारे गांधीजी १९२४ साली बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष होते. त्यानंतर काही महिन्यांनी, १९२५ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी निपाणीच्या बहिष्कृत परिषदेत भाग घेतला. याच आंबेडकरांनी १९४६ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे पुढारी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्याकडे लक्ष वेधले होते. त्याच वर्षी हिंदुस्थानने दक्षिण आफ्रिकेशी असलेला व्यापार बंद केला. तेथील सरकारवर असा निर्बंध घालणारा तो पहिला देश होय.

वर्णद्वेष म्हणजे काय?

वेगवेगळ्या वर्णांच्या लोकांत परस्परांविषयी तिरस्कार असणे, एवढाच वर्णद्वेषाचा अर्थ दक्षिण आफ्रिकेत नव्हता. तेथे ती कायद्याने बांधलेली राज्यव्यवस्था होती. १९४८ साली नॅशनल पक्ष सत्तेवर आला. १९५० च्या कायद्यांनी प्रत्येक माणसाची वर्णानुसार नोंद झाली व कोणी कोठे राहावे हे ठरविण्यात आले. १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने आफ्रिकन मुलांसाठी कनिष्ठ दर्जाचे शिक्षण योजिले आणि मिशनच्या शाळा सरकारने आपल्या कह्यात घेतल्या. ॲडम्स कॉलेजही त्यातून सुटले नाही.

परंतु पाळकांनी विशेष लक्षात ठेवावी अशी गोष्ट याहून जुनी आहे. १८५७ साली केप प्रांतातील डच रिफॉर्म्ड मंडळीच्या सिनडने असा निर्णय दिला की, सर्व विश्वासणाऱ्यांनी एकत्र उपासना करणे हेच पवित्र शास्त्राला धरून आहे. तथापि काहींच्या दुर्बलतेमुळे वेगळी उपासना चालवावयास हरकत नाही. तत्त्व शाबूत राहिले, सवलत मात्र वाढत गेली. १८८१ साली मिश्रवर्णीयांसाठी वेगळी मंडळीच स्थापण्यात आली. पुढे राज्याने जे केले, त्याचा नमुना प्रभूच्या मेजाजवळ आधीच तयार झाला होता. १९५७ साली तर गोऱ्यांच्या वस्तीतील देवळांत आफ्रिकनांना उपासनेस येण्यास बंदी करण्याचा अधिकार सरकारने कायद्याने घेतला.

चळवळीचा आरंभ

१९५२ साली दक्षिण आफ्रिकेत अन्यायी कायद्यांविरुद्ध सविनय कायदेभंग सुरू झाला. लुथुली हे तेव्हा ग्राउटव्हिल येथील टोळीप्रमुख होते. ‘आफ्रिकन नॅशनल काँग्रेस सोडा, नाही तर प्रमुखपद सोडा,’ असे सरकारने त्यांना बजाविले. त्यांनी दोहोंपैकी काहीच सोडले नाही, तेव्हा सरकारने त्यांना पदच्युत केले. त्याच वर्षअखेर ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले.

या सत्याग्रहाला साहाय्य करण्यासाठी न्यूयॉर्कमध्ये जी छोटी समिती निघाली, तिच्यातून १९५३ साली ‘अमेरिकन कमिटी ऑन आफ्रिका’ ही संस्था जन्मास आली. तिचे प्रमुख कार्यकर्ते जॉर्ज हाउसर हे मेथॉडिस्ट पाळक होते. १९४२ साली शिकागोत वर्णसमतेसाठी अहिंसक प्रतिकार करणारी जी संघटना स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ते होते. दांडीयात्रेत सहभागी झालेले कृष्णलाल श्रीधराणी यांनी सत्याग्रहाच्या पद्धतीवर लिहिलेले पुस्तक त्या तरुणांनी पाठ्यपुस्तकासारखे अभ्यासिले होते. म्हणजे दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला सत्याग्रह हिंदुस्थानात वाढला, अमेरिकेस गेला, आणि साहाय्याच्या रूपाने पुन्हा आफ्रिकेकडे वळला.

१९६० साली शार्पव्हिल येथे पोलिसांनी निःशस्त्र जमावावर गोळीबार करून ६९ माणसे मारिली. त्यानंतर विदेशी भांडवल तेथून पळू लागले; परंतु अमेरिकन बँकांनी सरकारला कर्ज देऊन सावरले. १९६२ साली लुथुली व मार्टिन ल्यूथर किंग यांनी जगाला संयुक्त आवाहन केले की, दक्षिण आफ्रिकेशी व्यापार व भांडवलाचे संबंध तोडावेत. येथे एक गोष्ट स्पष्ट व्हावी. बहिष्काराची मागणी प्रथम पीडितांच्या पुढाऱ्यांनी केली होती. बहिष्कारामुळे आपल्याच लोकांना झळ पोहोचेल हे लुथुलींनी ओळखले होते. पण दीर्घकालीन दास्यापेक्षा अल्पकालीन हाल बरे, अशी त्यांची धारणा होती.

पैशाचा माग

आता या चळवळीची रीत समजून घेऊ. सुमारे दहा अमेरिकन बँकांनी मिळून दक्षिण आफ्रिकेच्या सरकारला चार कोटी डॉलरपर्यंत फिरते कर्ज उपलब्ध करून दिले होते. या बँकांत ठेवी कोणाच्या होत्या? सामान्य लोकांच्या, विद्यापीठांच्या आणि मंडळ्यांच्याही. १९६६ साली न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीतील विद्यार्थ्यांनी अशा एका बँकेविरुद्ध निदर्शने करून खाती काढून घेण्याची मोहीम चालविली. १९६८ साली मेथॉडिस्ट मंडळीच्या मिशन बोर्डाने त्याच बँकेतून सुमारे एक कोटी डॉलरची गुंतवणूक हलविली. १९६९ साली ते फिरते कर्ज बंद झाले.

दुसरा मार्ग भागधारकांचा. एखाद्या कंपनीचे भाग मंडळीच्या निवृत्तिनिधीत असतील, तर वार्षिक सभेत ठराव मांडण्याचा हक्क मंडळीला असतो. १९७१ साली एपिस्कोपल मंडळीने जनरल मोटर्स कंपनीने दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडावे असा ठराव मांडिला. त्यास फारच थोडी मते पडली. परंतु कंपनीच्या संचालक मंडळातील पहिले कृष्णवर्णीय सभासद, बॅप्टिस्ट पाळक लिऑन सलिव्हन, यांनी उघडपणे ठरावाच्या बाजूने मत दिले. १९७७ साली याच सलिव्हन यांनी समान वेतन, एकत्र भोजनगृहे इत्यादी नियम कंपन्यांसाठी तयार केले. अनेकांनी त्यावर टीका केली की, कारखान्याच्या आत समता आणि दाराबाहेर गुलामी, याने साखळदंडाला केवळ मऊ अस्तर लागेल. दहा वर्षांनी, १९८७ साली, हे नियम पुरेसे नाहीत असे स्वतः सलिव्हन यांनी मान्य केले व कंपन्यांनी निघून यावे असे सांगितले. आपल्याच योजनेचे अपयश कबूल करण्याचे हे धैर्य आम्हांस अनुकरणीय वाटते.

२१ नोव्हेंबर १९८४ रोजी रँडल रॉबिन्सन, मेरी फ्रान्सिस बेरी व बॅप्टिस्ट पाळक वॉल्टर फाँट्रॉय वॉशिंग्टनमधील दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीत गेले आणि तेथून हलण्यास नकार देऊन अटक करवून घेतली. त्यानंतर वर्षभर दिवसामागून दिवस लोक तेथे येऊन अटक करवून घेत राहिले. १९८५ साली कोलंबिया विद्यापीठात, म्हणजे जेथे आंबेडकरांनी अध्ययन केले तेथे, विद्यार्थ्यांनी एका इमारतीचे दार तीन आठवडे अडवून धरिले. त्याच वर्षी चेस मॅनहॅटन बँकेने दक्षिण आफ्रिकेच्या अल्पमुदतीच्या कर्जांचे नूतनीकरण थांबविले आणि त्या देशाला परतफेड स्थगित करावी लागली. १९८६ साली अमेरिकन काँग्रेसने निर्बंधांचा कायदा संमत केला. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी तो नाकारला. परंतु प्रतिनिधिगृहाने ३१३ विरुद्ध ८३ व सिनेटने ७८ विरुद्ध २१ मतांनी त्यांचा नकार रद्द ठरविला.

नेल्सन मंडेला १९९० साली कारामुक्त झाले व एप्रिल १९९४ मध्ये सर्व वर्णांच्या नागरिकांनी मतदान केले. हे स्वातंत्र्य अमेरिकेने दिले असे म्हणणे अन्यायाचे होईल. ते दक्षिण आफ्रिकेच्या जनतेने आपल्या रक्ताने मिळविले. परदेशातील बंधुभगिनींनी जुलमाच्या हाताखालचा आधार काढून घेतला, इतकेच. पण तेही लहान काम नव्हते.

ईश्वरविज्ञानाचा निर्णय

काही सद्भावी ख्रिस्ती लोकांचे म्हणणे होते की, हा राजकारणाचा विषय असून मंडळीने त्यात पडू नये. १९८२ साली ओटावा येथे जागतिक रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या संघाने यास उत्तर दिले. वर्णद्वेषाचे धार्मिक समर्थन हा पाखंड आहे, असे त्या सभेने जाहीर केले. पाखंड हा शब्द राज्यकारभारातील चुकीला लावीत नाहीत. तो ख्रिस्ताविषयीच्या असत्याला लावितात. इफिसकरांस पत्र २:१४ मध्ये जी आडभिंत ख्रिस्ताने पाडली असे पौल सांगतो, ती पुन्हा बांधून तिला ख्रिस्ताचेच नाव देणे, हे ते असत्य होय. आणि याकोब ५:४ मध्ये अडवून ठेवलेली मजुरी ओरडते असे म्हटले आहे. ती कोणाच्या तिजोरीतून ओरडते, हे शोधणे म्हणूनच विश्वासाचे काम ठरते.

आता आपल्याकडे वळू. आमच्याकडे वर्णाचा कायदा नाही. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आहे. परंतु १८५७ च्या सिनडची ‘काहींची दुर्बलता’ आम्हांस अगदीच अनोळखी आहे काय? सोयरीक जुळविताना पूर्वाश्रमीची जात विचारली जाते तेव्हा, पंचकमिटी निवडताना कोणाचे नाव पुढे येत नाही तेव्हा, किंवा स्मशानभूमीवरून कुजबुज होते तेव्हा आम्ही पाळक काय बोलतो? ‘तत्त्व खरे, पण लोकांची तयारी नाही,’ हे वाक्य आमच्याही तोंडी येते. दक्षिण आफ्रिकेचा इतिहास सांगतो की, अशा सवलतीचे वय एका पिढीपुरते नसते.

म्हणून पाळकांच्या व प्रचारकांच्या मासिक सभेत तीन प्रश्नांचा विचार व्हावा, असे आम्हांस वाटते. आमच्या मंडळीत कोणती सवलत हळूहळू नियम होऊन बसली आहे? मंडळीच्या जमिनीवर व इमारतीत जे राबतात, त्यांना योग्य मजुरी मिळते काय? आणि ज्यांच्यावर अन्याय होतो त्यांची मागणी काय आहे, हे आम्ही त्यांच्याच तोंडून ऐकले आहे काय?

न्यूयॉर्कच्या त्या सेमिनरीतील विद्यार्थ्यांकडे मोठा पैसा नव्हता. त्यांच्यापाशी बँकेची खाती होती, तीही लहान. कंग्राळीच्या मंडळीच्या दानपेटीतही फार नसेल. पण ती पेटी व ते मेज यांचा हिशोब एकाच प्रभूपुढे द्यावयाचा आहे, आणि तो देण्यास आरंभ आम्हां सेवकांपासूनच व्हावा.