दहा कॅलेंडरं आणि एक खुराडं

घर रंगवायला काढलं तेव्हा कपाटामागून सुतळीने बांधलेली दहा कॅलेंडरं निघाली. २०१५ ते २०२४. दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख, कुणाच्या हळदीचं आवतण, आणि बहुतेक चौकोनांच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक आकडा. त्या दिवशी किती अंडी मिळाली, तो. अक्षर सासूबाईंचं. काही ठिकाणी आकड्याशेजारी एखादा शब्दही आहे: 'घोळ', 'मणी', 'झेंडू', 'कलिंगड'. परसातलं किंवा शेजारच्या मळ्यातलं काय कोंबड्यांपुढे पडलं, त्याची ही नोंद. रंगारी जेवायला गेले तरी मी फरशीवर बसून तीच वाचत राहिले.

आमचं घर नाशिकच्या मखमलाबादेत, तेव्हा तिन्ही बाजूंनी द्राक्षबागा असलेलं. २०१५चा सिंहस्थ आटोपला, गोदाकाठची गर्दी ओसरली, आणि दिवाळीनंतर हरसूलच्या आठवडे बाजारातून आम्ही पाच तलंगा आणि एक कोंबडा आणला. बांबूच्या डालग्यात, वर फडकं बांधून. हरसूल, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात आदिवासी घरांच्या अंगणात कोंबडी असतेच. अंगाने बारकी, पायांनी चपळ, दाणा स्वतः शोधणारी. अशी गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. पुढच्या वर्षी आम्ही गिरिराजाची पिल्लंही आणली. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने परसातल्या पालनासाठीच तयार केलेली ही जात. वजन चांगलं, अंडी जवळपास दुप्पट. सासूबाईंचं मत मात्र पहिल्या महिन्यातच ठरलं. गावठी कोंबडी घारीची सावली जमिनीवर पडताच पिल्लांना पंखाखाली घेते, गिरिराजा मान वर करून बघतसुद्धा नाही. त्या एका हिवाळ्यात घारीने चार पिल्लं नेली. चारही गिरिराजाची.

२०१६च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये 'मणी' हा शब्द जवळजवळ एक दिवसाआड आहे. काढणीच्या वेळी घडातले फुटके, बारके मणी कात्रीने काढून टाकतात. त्यांचे क्रेट बांधावर रिकामे व्हायचे आणि शेजारचे काका कुंपणावरून एक पाटी आमच्याकडे द्यायचे. कोंबडीला मणी टाकला की ती तो तिथे खात नाही. चोचीत धरून पळते, मागे बाकीच्या, आणि भिंतीच्या कोपऱ्यात गेल्यावर मग एका झटक्यात गिळते. हे रोज बघूनही मला कधी कंटाळा आला नाही. पण पाटी घेण्याआधी सासूबाई कुंपणापाशी एक प्रश्न न चुकता विचारायच्या, शेवटची फवारणी कधी झाली? त्या निफाडकडच्या, बागायतदाराच्या घरातल्या. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून केवडा आणि भुरीसाठी बागेवर किती फवारे बसतात, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. २०१० साली क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली, तेव्हापासून तर काढणीआधी किती दिवस औषध बंद ठेवायचं हे बागायतदाराला तोंडपाठ असतं. युरोपातल्या माणसाला जे चालत नाही ते माझ्या कोंबडीला का चालावं, असं त्यांचं सरळ म्हणणं. काकांनी कधी 'कालच मारलंय' म्हटलं, तर पाटी तशीच परत.

कांद्याचंही तसंच. नाशिक जिल्ह्यात कांद्याची पात आणि सालं यांना तोटा नाही, पण सासूबाई ती खुराड्याकडे जाऊ देत नसत. कांदा जास्त पोटात गेला की कोंबडीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि ती फिकी पडते, हे मला पुष्कळ नंतर वाचनातून कळलं. त्यांचं कारण साधं होतं, अंड्याला वास लागतो.

परसातला खाऊ म्हणजे जेवण नव्हे, हा त्यांचा दुसरा नियम. मोठी कोंबडी दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाते. त्यात मक्याचा भरडा, बाजरी, तांदळाची कणी, शेंगदाण्याची पेंड आणि कवचासाठी शिंपल्यांची भरड. पाला-फळं त्याच्या दहाव्या हिश्शाइतकीच. नाहीतर पोट पाण्याने भरतं आणि अंडी उतरतात. २०१८च्या मे महिन्यात हे आकड्यांत स्पष्ट दिसतं. आठवडाभर 'कलिंगड', 'कलिंगड', आणि आकडा चारवरून एकावर. उन्हाचाही वाटा त्यात असणार. कोंबडीला घाम येत नाही. पारा चाळिशीकडे गेला की ती चोच उघडी टाकून धापा टाकते आणि दाणा सोडते. त्यानंतर कलिंगडाची फक्त सालं, तीही दुपारी माठातल्या पाण्यात गार करून, आणि दाणा पहाटे व संध्याकाळी.

पावसाळ्याच्या चौकोनांत शब्द जास्त, आकडे कमी. घोळ, तांदुळजा, शेवग्याचा पाला. पहिल्या मोठ्या पावसाच्या संध्याकाळी वाळवीला पंख फुटतात आणि ती दिव्याभोवती गोळा होते. सासूबाई बल्बखाली पाण्याची परात ठेवायच्या. सकाळी परातीवर पंखांचा थर, आणि कोंबड्या ती परात दहा मिनिटांत लख्ख करायच्या. २ ऑगस्ट २०१६ला गोदावरीला पूर आला आणि काठावरचा दुतोंड्या मारुती पाण्यात बुडाला. त्या चौकोनात फक्त 'खुराडं ओलं' एवढंच आहे. ओल्या भुशाने पुढे पंधरा दिवस कोंबड्यांचे पाय धरले. पावसात खाऊपेक्षा कोरडी जागा महत्त्वाची, हे त्या पंधरवड्याने शिकवलं.

सगळ्यात सुंदर नोंदी दसऱ्यानंतरच्या. दाराची तोरणं उतरली की झेंडूच्या पाकळ्या सावलीत वाळवून डब्यात भरायच्या आणि रोज मूठभर भरड्यात कालवायच्या. बलकाचा रंग कोंबडी स्वतः बनवत नाही. पाल्यातून, पिवळ्या मक्यातून, झेंडूतून जे रंगद्रव्य पोटात जातं तेच बलकात उतरतं. मे महिन्यातलं अंडं फोडलं तर बलक लिंबासारखा. झेंडू सुरू केल्यावर दहा-बारा दिवसांनी तोच बलक नारिंगी. मुलाने एकदा दोन्ही रंग शेजारी रंगवून २०१९च्या नोव्हेंबरच्या पानावर चिकटवले. तो कागद अजून तिथेच आहे.

थंडीत आकडे घसरतात. आम्ही आधी थंडीलाच दोष द्यायचो, कारण निफाडचा पारा एखाद्या साली दोन-तीन अंशांवर येतो. खरं कारण उजेड. डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम अकरा तासांचा, आणि भरपूर अंड्यांसाठी कोंबडीला चौदा तास तरी उजेड लागतो. त्यात तिची पिसं गळून नवी येण्याचाही हाच सुमार. मोठ्या पोल्ट्रीत दिवे लावतात. आम्ही लावले नाहीत. दोन महिने अंगाला विसावा मिळावा, असं सासूबाईंना वाटायचं आणि मलाही ते पटलं.

२०१७चा जुलै वाचायला जड गेला. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचे थेंब डोळ्यात घातले होते, पण आठव्या आठवड्याची लस 'येत्या सोमवारी' म्हणत माझ्याकडून राहून गेली. मानमोडी आली. हिरवी विष्ठा, एका बाजूला वळलेली मान, जागच्या जागी गोल फिरणं. या रोगाला औषध नाही, फक्त लस आहे. नऊपैकी दोन वाचल्या. बाकीच्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरल्या. पुढचे कितीतरी चौकोन कोरे आहेत. दोन्ही लसींच्या तारखा तेव्हापासून मी लाल शाईने लिहिते.

फेब्रुवारी २०२०मध्ये कोंबडीतून कोरोना होतो अशी अफवा उठली आणि ब्रॉयलरचे भाव कोसळले. महिन्याभराने टाळेबंदी. द्राक्षं मळ्यातच अडकली, कितीएकांनी बेदाणे घातले, आणि त्या एप्रिलमध्ये 'मणी' हा शब्द जवळपास रोज. कुंपणापलीकडचे काका पाटी देताना काही बोलत नसत. पुढच्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्यात बर्ड फ्लू सापडला. २००६चं नवापूर घरात सगळ्यांना आठवत होतं. देशातला पहिला उद्रेक आपल्याच नाशिक विभागात, आणि शासनाच्या पथकांनी मारलेल्या लाखो कोंबड्या. आम्ही दीड महिना कोंबड्या जाळीत ठेवल्या, पाण्याची भांडी झाकली, जेणेकरून बगळे-कावळे त्यांत चोच घालणार नाहीत. परसात मोकळं फिरायची सवय असलेल्या त्या दिवसभर जाळीपाशी उभ्या राहायच्या.

याच वर्षांत गावात सभा होत होत्या, मखमलाबाद-हनुमानवाडीच्या नगररचना योजनेवरून. जमीन द्यायची की नाही, यावर एका घरात दोन मतं. काहींनी त्याआधीच बागा काढून प्लॉट पाडले होते. मी कॅलेंडरं ओळीने मांडून 'मणी' हा शब्द मोजत गेले. २०२१मध्ये तो सात वेळा आहे. २०२२मध्ये दोनदा. २०२३ आणि २०२४मध्ये एकदाही नाही. त्याच दोन वर्षांत अक्षरही बदलतं. सासूबाईंना बारीक दिसेनासं झालं, आणि आकडे माझा मुलगा लिहू लागला. मला वाटलं, तो शब्द लिहायला विसरला असेल. संध्याकाळी मी त्यांना विचारलं.

"आई, मणी लिहायचं राहिलं का हो याचं?"

"अगं, तो कशाला विसरेल," त्या म्हणाल्या. "मणी द्यायला बाग कुठं राहिली?"

मग त्यांनी विचारलं, आज काय टाकलंस. मी म्हटलं, कुंडीतली घोळ, आणि अंडी तीन. त्या म्हणाल्या, लिही. भिंतीला रंग ओला होता, खिळा अजून ठोकलेला नव्हता. मी कॅलेंडर मांडीवर घेऊन लिहिलं.