मनगटावरची कच्ची वही

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून किंवा बंगळुरूहून घरी आलेला मुलगा वडिलांच्या मनगटावर नवे स्मार्टवॉच बांधतो, हे दृश्य आता तालुक्याच्या गावांतील व्यापारी घरांनाही परिचयाचे झाले आहे. ज्यांनी सारा जन्म चावीच्या एचएमटीवर काढला, त्यांना ही काळी चौकोनी काच प्रथम परकीच वाटते. पहिले आठ दिवस कौतुकात जातात. पावले किती झाली, नाडी किती, झोप कशी लागली, हे दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला दाखविले जाते. मग पट्ट्याखाली खाज सुटू लागते, रोज चार्ज करण्याचा कंटाळा येतो आणि होळीच्या सुमारास ते घड्याळ कपाटाच्या खणात, जुन्या चष्म्यांच्या शेजारी जाऊन पडते. ते निरुपयोगी होते म्हणून नव्हे. ते कोणत्या गोष्टीची नोंद करते आणि ती नोंद कितपत धरून चालावे, हे देणाऱ्यानेही सांगितलेले नसते आणि घेणाऱ्यानेही विचारलेले नसते.

वास्तविक हा प्रश्न विचारण्याचे शिक्षण व्यापाऱ्याला वेगळे द्यावे लागत नाही. कच्ची नोंद आणि पक्की नोंद यांतील भेद त्याच्या हाडीमांसी मुरलेला असतो. कच्च्या वहीत दिवसभराची घाईची टिपणे असतात. ती उपयोगी असतात, पण त्यांवर कोणी कोणाचे खाते बंद करीत नाही. गल्ल्यावर नव्याने आलेल्या साउंडबॉक्सच्या बाबतीत हा विवेक त्याने किती लवकर दाखविला! यूपीआय २०१६ साली सुरू झाले. पुढे ग्राहक पैसे भरल्याचा हिरवा पडदा दाखवून निघून जाऊ लागले, आणि त्यांतले काही पडदे बनावट निघू लागले. ग्राहकाच्या फोनवरील पडदा ही कच्ची नोंद. आपल्या डबीने उच्चारलेली रक्कम ही त्याहून भरवशाची, कारण डबीत स्वतःचे सिमकार्ड असते आणि रक्कम जमा झाल्याचा संदेश ग्राहकाच्या फोनकडून नव्हे, तर पेमेंट कंपनीकडून थेट तिच्याकडे येतो. आणि बँकेच्या खात्यातील जमा ही पक्की नोंद. रात्री शटर ओढण्यापूर्वी रोजमेळ खात्याशी ताडून पाहणारा दुकानदार सहसा फसत नाही. पैसे येण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, हेही त्याच्या मुनिमाला पाठ असते. एवढा सावध माणूस मनगटावर मात्र हा भेद विसरतो. याला कारण घड्याळाची मांडणी. तेथे कच्चे आणि पक्के आकडे एकाच पडद्यावर, एकाच तेजस्वी रंगात, मधे रेघही न ओढता दाखविले जातात.

पक्क्याच्या जवळ जाणारी पहिली नोंद नाडीची. घड्याळाच्या तळाशी लुकलुकणारा हिरवा प्रकाश त्वचेत शिरतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. प्रत्येक ठोक्याबरोबर तेथील रक्त वाढते व ओसरते आणि परत येणारा प्रकाश त्या प्रमाणात कमी-अधिक होतो. त्यावरून ठोके मोजले जातात. माणूस स्वस्थ बसलेला असताना आणि पट्टा नीट आवळलेला असताना हा आकडा बराच विश्वसनीय असतो. तागे उचलताना, गठ्ठे सरकविताना तो चुकतो.

पावलांची गोष्ट थोडी निराळी. आतील संवेदक पाय नव्हे, हात मोजतो. त्यामुळे गजाने कापड मोजणाऱ्या हाताची चार पावले फुकट जमा होतात आणि दोन्ही हातांत पिशव्या घेऊन बाजारातून आलेल्या गृहिणीची बुडतात. दहा हजार पावलांच्या ज्या उद्दिष्टापायी अनेकजण रात्री गच्चीवर येरझारा घालतात, त्याचे मूळ वैद्यकशास्त्रात नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये पावले मोजण्याचे एक यंत्र विक्रीस आले. त्याचे नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. नाव लक्षात राहिले आणि तेच उद्दिष्ट बनले. २०१९ मध्ये अमेरिकेतील वयस्कर स्त्रियांच्या एका मोठ्या पाहणीत, दिवसाला सुमारे २७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४४०० चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण स्पष्टपणे कमी आढळले आणि ७५०० च्या पुढे हा लाभ फारसा वाढला नाही. गादीवर दहा तास बसणाऱ्या माणसाला हे ऐकून धीर यावयास हरकत नाही. त्याच्यासाठी घड्याळाची सर्वांत मोलाची सेवा कदाचित ही, की तासभर हालचाल झाली नाही तर ते मनगटावर थरथरते आणि उठावयास सांगते. दुकानात दुसरे कोणी मालकाला हे सांगत नाही.

सूर्यास्ताची वेळ हाही एक छोटा पण खरा उपयोग आहे. मुंबई आणि नागपूर यांच्या सूर्यास्तात वीस-पंचवीस मिनिटांचे अंतर पडते. चौविहार पाळणारा व्यापारी खरेदीसाठी परगावी गेला, तर घरच्या भिंतीवरील पंचांग तेथे चालत नाही. घड्याळ मात्र त्या गावाची वेळ दाखविते. सामायिकाच्या ४८ मिनिटांत विजेवर चालणारे साधन अंगावर न ठेवण्याची ज्यांची मर्यादा आहे, त्यांना अर्थातच वाळूचे घड्याळच बरे.

आता कच्ची बाजू. खर्च झालेल्या उष्मांकांचा आकडा, झोपेचे टप्पे, मनावरील ताण, हे सारे अंदाज आहेत. कल पाहण्यास ठीक, हिशेब मांडण्यास नाही. रक्तदाबाबाबत अधिक जपावयास हवे. सॅमसंगच्या ज्या घड्याळांत ही सोय आहे, त्यांचाही दंडाला बांधावयाच्या नेहमीच्या यंत्राशी दर २८ दिवसांनी मेळ घालावा लागतो. म्हणजे मेळ घालण्यासाठी ते यंत्र घरात हवेच. मग दीड-दोन हजारांच्या घड्याळात, कसलाही मेळ न घालता, १२०/८० हा आकडा कोठून येतो, हे ग्राहकाने विक्रेत्याला विचारून पाहावे. रक्तशर्करेचे तर त्याहून कठीण. त्वचेला सुई न लावता साखर मोजणाऱ्या कोणत्याही घड्याळाला वा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. दंडाला चिकटवून चौदा दिवस चालणारे संवेदक मिळतात, पण त्यांचा बारीक तंतू त्वचेखाली गेलेला असतो. मनगटावरील आकडा पाहून कोणी इन्सुलिनची मात्रा कमी-जास्त केली, तर ती चूक पुढच्या महिन्याच्या हिशेबात दुरुस्त होणारी नसते.

हृदयाच्या बाबतीत घड्याळाने काही खरे काम करून दाखविले आहे. हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके अनियमित होणे हा विकार पुष्कळदा काहीही न जाणवता येतो-जातो. त्यात रक्ताची गुठळी होऊ शकते आणि पक्षाघाताचा धोका सुमारे पाच पटींनी वाढतो. ॲपलच्या घड्याळावर स्टॅनफर्ड विद्यापीठाने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४ लाख १९ हजारांहून अधिक लोक होते. त्यांपैकी ०.५२ टक्के लोकांना अनियमित नाडीची सूचना मिळाली. ज्या ४५० जणांनी नंतर छातीवर तपासणीची पट्टी लावून ती परत पाठविली, त्यांतील ३४ टक्क्यांत हा विकार पट्टीवरही दिसला. सूचना आली तर घाबरू नये, पण डॉक्टरांकडे जाण्यासाठी पुढचा बाजाराचा दिवसही उलटू देऊ नये, एवढा अर्थ या आकड्यांतून निश्चित निघतो.

परंतु सूचना आली नाही, याचा अर्थ काय? येथे मोठा घोटाळा होतो. लग्नसराईची संध्याकाळ आहे, दुकानात चार घरांची माणसे बस्त्यासाठी बसलेली आहेत आणि मालकाच्या छातीवर दाब येतो, घाम फुटतो, डावा हात जड होतो. तो घड्याळाकडे पाहतो. नाडी ८२, सर्व ठीक. मुलगा ॲसिडिटीची गोळी देतो आणि नऊ वाजता शटर ओढल्यावर पाहू, असे ठरते. हृदयविकाराचा झटका म्हणजे हृदयाला रक्त पुरविणारी धमनी तुंबणे. त्या वेळी नाडी अगदी नेहमीसारखी असू शकते. रुग्णालयात काढला जाणारा ईसीजी बारा दिशांनी हृदय पाहतो. घड्याळाचा ईसीजी एकाच दिशेने. हे घड्याळ हृदयविकाराचा झटका ओळखू शकत नाही, असे ॲपलनेच स्पष्ट लिहून ठेवले आहे. मधुमेही माणसांत आणि स्त्रियांत तर छातीत न दुखता नुसती धाप, घाम, मळमळ किंवा जबड्यात कळ एवढ्यावरच झटका येऊन जाऊ शकतो. अशा वेळी मनगटाकडे पाहण्यात मिनिटही घालवू नये. १०८ ला फोन करावा आणि बस्ता बांधण्याचे काम नोकरांवर सोडावे.

राहिली घरातील वृद्ध आईची गोष्ट. तिला पावलांचे वा उष्मांकांचे काही देणे-घेणे नसते. तिच्यासाठी या घड्याळाचा एकच मोठा उपयोग, पडल्याचे ओळखणे. माणूस जोरात पडला आणि सुमारे मिनिटभर हालचाल दिसली नाही, तर ॲपलच्या घड्याळासारखी काही घड्याळे स्वतःहून मदतीचा फोन लावतात आणि नेमून दिलेल्या नातलगांना संदेश पाठवितात. मात्र घड्याळात स्वतःचे सिम नसेल, तर फोन जवळपास हवा. ॲपलच्या घड्याळात ५५ वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी ही सोय आपोआप सुरू होते, पण त्यासाठी जन्मतारीख खरी भरलेली असावी लागते. मुलाने घाईत स्वतःचीच जन्मतारीख टाकली असेल, तर सेटिंग्जमध्ये जाऊन ती सोय हाताने सुरू करावी लागेल. नातलग म्हणून दूरच्या शहरातील मुलाबरोबर शेजारच्या घरातील एखादा क्रमांकही द्यावा. दार उघडावयास तोच आधी पोहोचणार.

आणि चार्ज करण्याची वेळ बदलावी. बहुतेक घरांत आई झोपताना घड्याळ काढून फोनशेजारी चार्जिंगला लावते, पहाटे उठून अंधारात न्हाणीघराकडे जाते आणि आंघोळीलाही ते उतरवूनच ठेवते. म्हणजे पडण्याचा संभव जेव्हा सर्वाधिक, नेमके तेव्हाच मनगट रिकामे. घड्याळ पाण्यात चालणारे असेल तर ते आंघोळीला हातातच असू द्यावे. साबण लागला तर साध्या पाण्याने धुऊन टाकावे. चार्जिंग दुपारी करावे, जेवणे आटोपून घरातील सारी माणसे तिच्याभोवती बैठकीत बसलेली असतात तेव्हा.