साइट बांधा, साइट विका... पण जपून!

नोकरी सांभाळून एक छोटी वेबसाइट उभी करायची, वर्ष-दोन वर्षं कमवायचं आणि बरा भाव आला की विकून मोकळं व्हायचं. साइड इन्कमचा हा फंडा कोल्हापुरात बसूनही जमतो. अट एकच आहे, आणि ती मला जरा महागात पडली.

संध्याकाळी ऑफिस सुटतं. रंकाळ्यावर एक चक्कर, हातात भेळ आणि ग्रुपमध्ये रोजचाच विषय : ‘‘पगार पुरत नाही यार!’’ पुण्याला गेलं तर पॅकेज वाढतं, पण त्याबरोबर रूमचं भाडंही वाढतं. इथे घरचं जेवण आहे, पण पगाराचा आकडा जागचा हलत नाही. मग कोणीतरी म्हणतं, ‘‘एखादी वेबसाइट टाकूया का? झोपेत पैसे येतात म्हणे!’’

येतात. खरंच येतात. मी स्वतः घेतलेत. पुढे झोप कशी उडाली, तेही सांगते.

फंडा काय आहे?

एकच बारीक विषय घ्यायचा. ‘स्वयंपाकघर’ नाही, तर फक्त बिडाचे तवे. ‘प्रवास’ नाही, तर फक्त पन्हाळ्याच्या आसपासचे ट्रेक. त्यावर चाळीस-पन्नास लेख लिहायचे. सर्च करणारे लोक तिथे येतात आणि कमाईचे दोन रस्ते उघडतात. एक म्हणजे जाहिराती. गूगलने २००३ मध्ये अ‍ॅडसेन्स आणलं आणि जाहिरातदाराच्या मागे न फिरता कोणालाही आपल्या साइटवर जाहिरात लावता येऊ लागली. दुसरा रस्ता कमिशनचा. तुमच्या लिंकवरून कोणी वस्तू घेतली की तुम्हाला टक्का मिळतो.

खरी गंमत तिसऱ्या रस्त्यावर आहे. ही साइटच विकता येते, एखाद्या चालत्या दुकानासारखी! नाव, लेख, वाचक, सगळं एकदम. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात फ्लिपा नावाचा ऑनलाइन बाजार सुरू झाला आणि हौशी लोकांच्या छोट्या साइट्सनाही गिऱ्हाईक मिळू लागलं. भावाचा हिशेब सोपा आहे : महिन्याचा निव्वळ नफा गुणिले एक आकडा. बऱ्या दिवसांत हा आकडा तिशीच्या घरात असायचा. म्हणजे महिन्याला दहा हजार सुटत असतील, तर साइटचे साधारण तीन लाख.

पहिला मोठा सौदा मुंबईचा

ही आयडिया आपल्याकडे नवी नाही बरं का! मुंबईच्या राजेश जैन यांनी १९९५ मध्ये ‘इंडियावर्ल्ड’ सुरू केलं. पुढे एकेका विषयाची एकेक साइट झाली : क्रिकेटसाठी खेल, पाककृतींसाठी बावर्ची, बातम्यांसाठी समाचार, शोधण्यासाठी खोज. नोव्हेंबर १९९९ मध्ये सत्यम इन्फोवेने हे सगळं घ्यायचं जाहीर केलं. किंमत किती? तब्बल ४९९ कोटी रुपये! त्यानंतर काही महिन्यांतच जगभर डॉट कॉमचा फुगा फुटला.

या गोष्टीत दोन धडे आहेत. साइटचा विषय नेमका हवा, आणि विकायची वेळ ओळखता यायला हवी. मी पहिला धडा अर्धा शिकले आणि दुसरा अजिबात नाही.

माझं डॉलरचं स्वप्न

साल २०२१. लॉकडाऊनमुळे फ्रीलान्सची कामं आटलेली आणि मास कॉमच्या शिक्षणाचं कर्ज डोक्यावर. अमेरिकन वाचकाच्या क्लिकला भारतीय क्लिकपेक्षा कितीतरी जास्त पैसे मिळतात, हे कुठेतरी वाचलं. झालं! राजारामपुरीतल्या खोलीत बसून मी अमेरिकेतल्या घरांपुढचं गवत कापायच्या मशीनवर इंग्रजीत साइट काढली. अशी मशीन मी आयुष्यात हाताळली नव्हती. आमच्याकडे वैरण कापायला विळा पुरतो! दहा जणांचे रिव्ह्यू वाचायचे आणि अकरावा आपण लिहायचा, एवढंच काम.

अमेरिकेतल्या अ‍ॅमेझॉनने बागेच्या सामानावरचं कमिशन एप्रिल २०२० मध्येच आठ टक्क्यांवरून तीनवर आणलं होतं. म्हणजे शंभर डॉलरच्या मशीनमागे तीन डॉलर. तरी थेंबे थेंबे तळं साचलं. अ‍ॅडसेन्सची पिन असलेलं पत्र पोस्टमन घेऊन आला, तेव्हा मी ते आईला दाखवलं. आई म्हणाली, ‘‘डॉलर येतात म्हणतीस, मग पेट्रोलला पैसे कशाला मागतीस?’’

२०२३ च्या जुलैपर्यंत खर्च जाऊन महिन्याला १४० डॉलर सुटू लागले, म्हणजे साडेअकरा हजार रुपये. तेवढ्यात एका परदेशी माणसाचा मेल आला : साडेतीन हजार डॉलर देतो. पावणेतीन लाखांच्या वर! कर्ज एका फटक्यात फिटलं असतं. पण मी तीसच्या आकड्यावर अडून बसले. ‘बेचाळीसशे दे, नाहीतर राहू दे.’ तो म्हणाला, राहू दे.

सप्टेंबरमध्ये साइटवरचे वाचक घसरायला लागले. डिसेंबरमध्ये कमाई वीस डॉलर होती. त्या माणसाला मी पुन्हा मेल केला. उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षी डोमेनचे पैसेही भरले नाहीत. कर्जाचा हप्ता मात्र आणखी दोन वर्षं भरला.

हे असं का झालं?

सर्चचे नियम बदलतच असतात. २०११ मध्ये गूगलने ‘पांडा’ आणून पानचट लेखांच्या साइट्स मागे ढकलल्या. ऑगस्ट २०२२ पासून, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये जास्तच जोरात, नियम असा झाला की माणसांसाठी लिहिलेलं वर आणि फक्त सर्चसाठी लिहिलेलं खाली. काही प्रामाणिक छोट्या साइट्सही त्यात भरडल्या गेल्या. माझी मात्र तक्रार नाही. मी न पाहिलेल्या मशीनवर लिहीत होते.

ऑगस्ट २०२४ पासून भारतातही सर्चच्या माथ्यावर एआयचं तयार उत्तर दिसू लागलं. आता दहा रिव्ह्यू वाचून अकरावा लिहायचं काम मशीनच करतं, तेही फुकट! मग माणसाने काय लिहायचं? जे त्याने स्वतः पाहिलंय, हातात घेतलंय, ते. हीच ती अट.

डोळ्यांसमोरची चप्पल

हे कळल्यावर मी घराबाहेर पडले. सुभाषनगरमध्ये जाऊन बसले, चप्पल लाइनला चकरा मारल्या. कापशी आणि कुरुंदवाडी चपलेत फरक काय, बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं कसं ओळखायचं, नवी चप्पल चावते तेव्हा काय करायचं, सगळं विचारून घेतलं, फोटो काढले आणि मराठीत साइट टाकली. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला जीआय मिळाला, पण तो महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे, हेही इथल्या कित्येकांना माहीत नसतं!

जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाच्या मॉडेल्स कोल्हापुरीसारख्या चपला घालून चालल्या आणि जगभर बोंबाबोंब झाली. त्या आठवड्यात माझ्या छोट्या साइटवर एरवीच्या कितीतरी पट वाचक आले. मराठी क्लिकचे पैसे कमीच, म्हणून पूर्वीएवढी कमाई नाही. महिन्याला चार-पाच हजार सुटतात. पण नियम बदलले तरी हे वाचक टिकलेत.

तुमच्याकडेही असा विषय असणारच. उद्यमनगरात वाढलात? लेथ मशीनवर लिहा. घरी गुऱ्हाळ आहे? गुळाची पारख शिकवा. हुपरीचे आहात? चांदीचे पैंजण! तालमीत जाता? मग तर नादच करायचा नाही!

विकण्याआधी एवढं करा

* पहिल्या दिवसापासून कमाई-खर्चाचा हिशेब ठेवा. गिऱ्हाईक आधी बारा महिन्यांचे आकडे मागतं.
* अ‍ॅडसेन्सचं खातं विकता येत नाही. विकायचं ते डोमेन, लेख आणि फोटो. म्हणून फोटो स्वतःचेच हवेत.
* पैसे एस्क्रोमध्ये, म्हणजे तिसऱ्या विश्वासू पार्टीकडे जमा झाल्याशिवाय डोमेनचा ट्रान्सफर कोड देऊ नका.
* ऑफिसच्या करारात साइड इन्कमबद्दल काय लिहिलंय ते वाचा. २०२२ मध्ये विप्रोने स्पर्धक कंपन्यांसाठी काम करणाऱ्या तीनशे जणांना घरी पाठवलं होतं.
* कमाई डॉलरमध्ये असली तरी इन्कम टॅक्सच्या रिटर्नमध्ये दाखवा.

आणि भाव? गेल्या महिन्यात चपलेच्या साइटसाठी एक विचारणा आलीय. मी बारा महिन्यांचा हिशेब पाठवून दिलाय. आई रोज विचारते, ‘‘काय झालं गं?’’ अजून आकडा ठरलेला नाही. पण या वेळी फार ताणणार नाही. सुभाषनगरला जायचा रस्ता काही मी विकत नाहीये, नवी साइट केव्हाही काढता येईल!