विश्लेषण : पळतीची मिनिटे कुठे जमा होतात? धाराशिवच्या सारिका काळेची कारकीर्द काय सांगते?

खो-खो सामन्याच्या बातमीत खेळाडूच्या नावापुढे कंसात एक आकडा छापलेला असतो. ‘२.१० मि. संरक्षण’, ‘१.४० मि. व ३ गडी’ असा काहीतरी. बहुतेक वाचक तो आकडा ओलांडून थेट निकालाकडे जातात. पण बचाव करणाऱ्या खेळाडूची सगळी कमाई त्या कंसात असते. धाराशिव जिल्ह्याच्या सारिका काळेने अशीच मिनिटे काढत भारतीय महिला संघाचे कर्णधारपद मिळवले, दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले आणि २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार घेतला. आज खो-खोचे नियम बदलले आहेत, विश्वचषक झाला आहे, पैसाही थोडाफार येऊ लागला आहे. अशा वेळी येडशी, तुळजापूर किंवा कळंबच्या शाळेत पळणाऱ्या मुलीसाठी या कारकिर्दीचा अर्थ काय, हे पाहायला हवे.

बचाव म्हणजे नेमके काय?

फुटबॉलमध्ये बचावपटूचे काम फलकावर दिसत नाही. पोर्तुगालचा पेपे ऑगस्ट २०२४ मध्ये, वयाच्या ४१ व्या वर्षी निवृत्त झाला. २०१६ च्या युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोर्तुगालने फ्रान्सला १-० ने हरवले. रोनाल्डो दुखापतीमुळे २५ व्या मिनिटालाच बाहेर गेला होता. जादा वेळेत एडरने गोल केला आणि जगाच्या लक्षात राहिला तो एडर. सामनावीर मात्र पेपे ठरला, कारण जवळपास दोन तास त्याने गोल होऊ दिला नव्हता. न झालेल्या गोलांची नोंद ठेवायची कशी, हा फुटबॉलचा जुना प्रश्न आहे.

खो-खोने तो प्रश्न घड्याळ लावून सोडवला. पारंपरिक सामन्यात आक्रमणाची एक पाळी ९ मिनिटांची असते. मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद, दोन टोकांना दोन खांब, मधल्या पट्टीवर आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले आठ जण आणि नववा पाठलाग करणारा. बचाव करणारे तिघांच्या तुकडीने आत येतात. तिघे बाद झाले की पुढचे तिघे. प्रत्येक गडी बाद झाला की आक्रमक संघाला एक गुण. बचाव करणाऱ्याला जुन्या पद्धतीत गुण मिळत नाही. त्याने काढलेली वेळ तेवढी गुणलेखक लिहून ठेवतो.

समजा, पहिल्या तुकडीने साडेचार मिनिटे काढली. म्हणजे निम्मी पाळी संपली आणि समोरच्या संघाच्या खात्यात तीनच गुण. उरलेल्या सहा जणांनी साधारण खेळ केला तरी सामना हातात राहतो. उलट पहिली तुकडी दीड मिनिटात आटोपली, तर मागून येणाऱ्यांवर दडपण येते. नऊच्या नऊ बाद झाले तर त्याच क्रमाने पुन्हा आत यावे लागते, आणि दमलेल्या पायांनी तेव्हा फार काही होत नाही. म्हणून पहिल्या तुकडीत कोणाला पाठवायचे, हा प्रशिक्षकाचा सर्वांत मोठा निर्णय असतो.

तीन मिनिटे टिकणे इतके अवघड का?

वरवर पाहता पळणाऱ्याच्या बाजूने सगळे नियम आहेत. त्याला मैदानात कुठेही, कोणत्याही दिशेने जाता येते, बसलेल्यांच्या मधून आरपार निघता येते. पाठलाग करणाऱ्याला मात्र एकदा दिशा धरली की खांबापर्यंत वळता येत नाही आणि मधली पट्टी ओलांडता येत नाही. पलीकडे जायचे तर पाठमोऱ्या बसलेल्या साथीदाराला ‘खो’ द्यायचा आणि पाठलाग त्याच्याकडे सोपवायचा.

पण हिशेब इथेच फिरतो. पाठलाग करणारा बदलत राहतो, ताज्या पायांचा नवा माणूस उठतो. पळणारा तोच असतो. त्याला विश्रांती नाही. म्हणून चांगला बचावपटू वेगापेक्षा अंतरावर खेळतो. बसलेल्यांच्या मधून नागमोडी जात राहायचे, म्हणजे समोरच्याला दर वेळी खो द्यावा लागतो, ही साखळी. दम राखायचा असेल तर थोडक्या जागेत गोल फिरत राहायचे. आणि खांबाजवळ सापडलात तर हुलकावणी. खांद्याने एक दिशा दाखवायची, पायाने दुसरी धरायची. समोरच्याने सूर मारला आणि हात अर्ध्या वितीने हुकला, तर पुढची दहा सेकंदे फुकटात मिळतात. हे सगळे करताना बसलेल्या खेळाडूला धक्का लागता कामा नये आणि दोन्ही पाय हद्दीबाहेर जाता कामा नयेत.

टीव्हीवर हे नीट कळत नाही. मैदानाच्या कडेला उभे राहून पाहिले की कळते, की पळणारी मुलगी मागे वळून पाहतच नाही. खो-च्या आवाजावरून कोण उठली आणि कुठून येणार, याचा अंदाज ती बांधत असते.

सारिका या खेळात कशी आली?

वयाच्या तेराव्या वर्षी, घरातल्या नातेवाईकाने मैदानावर नेले म्हणून. अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तेव्हा ती २७ वर्षांची होती आणि त्या वेळी माध्यमांशी बोलताना तिने घरची परिस्थिती मोकळेपणाने सांगितली होती. वडिलांना शारीरिक मर्यादांमुळे फार काम करता येत नव्हते. आई शिवणकाम आणि घरकाम करायची. आजी-आजोबांच्या कमाईवर घर चालायचे. जवळपास दहा वर्षे दिवसातून एकदाच जेवून ती खेळली. पोटभर आणि खेळाडूला हवे तसे जेवण मिळायचे ते शिबिरात किंवा स्पर्धेला गेल्यावर.

हा तपशील अनेकांनी ‘संघर्षगाथा’ म्हणून वापरला. त्याकडे खेळाच्या अंगानेही पाहायला हवे. ज्या खेळात दम हेच भांडवल आहे, ज्यात एकेक सेकंद लिहिला जातो, त्यात एकवेळच्या जेवणावर दहा वर्षे काढणे म्हणजे कंसातला आकडा आणखी मोठा होऊ शकला असता, असाच त्याचा अर्थ होतो. शिबिरातले जेवण ही चैन नसून सरावाचाच भाग आहे, हे जिल्हा पातळीवर अजूनही पटवून द्यावे लागते.

घरच्यांनी मात्र तिला खेळण्यापासून अडवले नाही. गावाकडे मुलगी अर्ध्या चड्डीवर मैदानात उतरते, परगावी मुक्कामाला जाते, यावर बोलणारे कमी नसतात. ग्रामीण भागात यश कितीही मोठे असले तरी लोकांना ते ओळखायला वेळ लागतो, असे तिने तेव्हा सांगितले होते. त्या वाक्यात तक्रार कमी आणि अनुभव जास्त आहे.

२०१६ मध्ये काय घडले?

एकाच वर्षात दोन्ही टोके. फेब्रुवारीत गुवाहाटी आणि शिलाँगला बारावी दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धा झाली. खो-खोचा त्या स्पर्धेत प्रथमच समावेश होता. सारिका भारतीय महिला संघाची कर्णधार होती आणि संघाने सुवर्णपदक जिंकले. दक्षिण आशियाई स्पर्धेतले खो-खोचे पहिलेच सुवर्ण घेणाऱ्या संघाची कर्णधार उस्मानाबादची होती. तेव्हा जिल्ह्याचे नाव तेच होते.

त्याच वर्षी तिने खेळ सोडायचे ठरवले होते. कारण पैसा. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी नंतर सांगितल्यानुसार, घरच्या आर्थिक अडचणींमुळे तिने स्वतःला खोलीत कोंडून घेतले होते आणि ही गोष्ट तिच्या आजीने त्यांच्या कानावर घातली. जाधव यांनी समजूत काढली, ती मैदानावर परतली आणि कारकिर्दीला तिथून वळण मिळाले, असे ते मानतात. भारताची कर्णधार खेळ सोडायला निघाली, आणि ते प्रशिक्षकाला कळले ते आजीने सांगितले म्हणून. त्या वेळी खो-खोतली कोणतीही व्यवस्था अशा खेळाडूच्या घरी काय चालले आहे, हे विचारत नव्हती. आजी बोलली नसती तर?

अर्जुन पुरस्काराला इतके महत्त्व का आले?

कारण तो २२ वर्षांनी आला. खो-खोला पहिला अर्जुन पुरस्कार १९७० मध्ये सुधीर परब यांच्या रूपाने मिळाला. १९९८ मध्ये शोभा नारायण यांना मिळाला आणि त्यानंतर खो-खोची पाटी कोरीच राहिली. २०२० मध्ये सारिकाने ती भरली. करोनामुळे २९ ऑगस्टचा सोहळा दूरदृश्य पद्धतीने झाला. पुरस्काराची रक्कम त्याच वर्षी ५ लाखांवरून १५ लाख रुपये करण्यात आली. २०२३ चा पुरस्कार पुन्हा खो-खोच्याच नसरीन शेखला मिळाला, म्हणजे दुसऱ्यांदा २२ वर्षे थांबावे लागले नाही.

मैदानानंतर काय?

नोकरी. पुरस्कार जाहीर झाला तेव्हा सारिका तुळजापूरला क्रीडा अधिकारी म्हणून काम करत होती. खो-खोपटूच्या कारकिर्दीत हा टप्पा पदकाइतकाच मोलाचा असतो. पेपे रेआल माद्रिदमध्ये दहा वर्षे खेळला. निवृत्तीनंतर काय, हा प्रश्न त्याच्यापुढे पोटापाण्याचा नव्हता. खो-खोत मात्र पंचविशी गाठेपर्यंत नोकरी लागली नाही तर घरात लग्नाची बोलणी सुरू होतात आणि मुलगी मैदानावरून दिसेनाशी होते.

महाराष्ट्रात प्रावीण्यप्राप्त खेळाडूंसाठी शासकीय नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी स्पर्धेची पातळी, मिळालेले स्थान आणि प्रमाणपत्राची पडताळणी या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. पालकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. स्पर्धेचे प्रमाणपत्र, संघाची यादी आणि निकालाची प्रत त्याच वर्षी जपून ठेवायची. दहा वर्षांनी ते कागद शोधत फिरणे हे सर्वांत दमवणारे काम आहे, आणि त्यात हुलकावणी चालत नाही.

क्रीडा अधिकाऱ्याचे काम मैदानासारखे दिसत नाही. शालेय स्पर्धा भरवणे, शाळांची नोंदणी, मैदाने, प्रस्ताव, सह्या. पण तालुक्यातल्या मुलींच्या संघाला प्रवेशिका भरायला शिक्षक तयार आहे की नाही, ही गोष्ट अनेकदा याच टेबलावर कळते. त्या खुर्चीत एकवेळच्या जेवणावर खेळलेली माणसे बसणे म्हणूनच वेगळे ठरते.

नवे नियम बचावाला काय देतात?

गुण. २०२२ मध्ये पुण्यात अल्टिमेट खो-खो लीग सुरू झाली. पाळी ७ मिनिटांची झाली, दिशा बदलण्याची मुभा असलेला ‘वजीर’ आला आणि ‘ड्रीम रन’ आली. एका तुकडीने ठरावीक वेळेपेक्षा जास्त बचाव केला की पुढच्या प्रत्येक ३० सेकंदांना बचावाच्या बाजूला गुण मिळू लागले. कंसातली मिनिटे पहिल्यांदाच फलकावर चढली.

त्याचा परिणाम जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीतल्या पहिल्या विश्वचषकात दिसला. महिलांच्या अंतिम सामन्यात भारताने नेपाळला ७८-४० असे हरवले. त्यात चैत्राच्या तुकडीची ५ मिनिटे १४ सेकंदांची ड्रीम रन गाजली. भारतीय संघाची कर्णधार महाराष्ट्राची प्रियांका इंगळे होती आणि संघात धाराशिवची अश्विनी शिंदेही होती. सारिकाच्या जिल्ह्यातून पुढची पिढी तयार झाली, ती अशी.

काही जुने जाणकार वजिराबद्दल नाराज आहेत. पाठलाग करणाऱ्याला वळता येत नाही, हाच खो-खोचा प्राण होता, असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्य आहे. साखळी खेळणाऱ्या मुलीने वर्षानुवर्षे घोटलेली पावले वजिरासमोर अपुरी पडतात. पण ड्रीम रनने बचावाला जे मोल दिले, ते आधी कधीच मिळाले नव्हते, हेही मान्य करावे लागेल.

येडशीतल्या मुलीसाठी रस्ता कसा आहे?

येडशीहून सोलापूरच्या दिशेने निघाले की आधी धाराशिव लागते, मग तुळजापूर. सारिकाची कारकीर्द जवळपास याच रस्त्यावर घडली. खो-खोला लागते ते थोडे : सपाट जमीन, दोन खांब, फक्की आणि एक शिक्षक. शालेय स्पर्धेची वाट तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशी जाते. अडते ते दुसरीकडे. संध्याकाळी उशिरापर्यंत सराव करायचा तर परतीच्या एसटीची वेळ, सोबत आणि रात्रीचे जेवण यांचा मेळ बसावा लागतो.

आणखी एक गोष्ट. २०२२ मध्ये सुरू झालेली ती लीग पुरुषांची होती. मानधन, प्रायोजक, टीव्हीवरची ओळख हे सगळे मुलांच्या वाट्याला आधी आले. विश्वचषक जिंकलेल्या मुलींसाठी तशी लीग उभी राहिली, तर २०१६ मध्ये सारिकापुढे जो पेच आला होता तो पुढच्या कर्णधारापुढे येण्याची शक्यता कमी होईल. तोवर मुलींचा हिशेब शाळा, शिबिर, प्रमाणपत्र आणि ५ टक्क्यांतली एक जागा, असाच राहणार आहे.