झऱ्याच्या पाण्याचे मूळ

'कार्स्ट' ही भूशास्त्रीय संज्ञा स्लोव्हेनिया-इटलीच्या सीमेवरील क्रास या चुनखडीच्या पठाराच्या नावावरून आली. तेथे रेका नदी श्कोत्सियानच्या गुहांत लुप्त होते व सुमारे ४० किलोमीटर भूगर्भातून वाहून तिमावोच्या झऱ्यांत प्रकट होते. परंतु त्या झऱ्यांत पठारावरील पावसाचे आणि आल्प्समधून येणाऱ्या सोचा नदीचेही पाणी मिसळते. हे वाटे ओळखावयाचे कसे? उंचावरील पर्जन्यात ऑक्सिजन-१८ हे जड समस्थानिक कमी असते. त्यावरून सोचेचे पाणी ओळखू येते. विरघळलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या प्रमाणावरून पाणी चुनखडीतून आले की डोलोमाइटमधून, याचे अनुमान होते. चुनखडीच्या रुंद भेगांतून वाहताना पाणी फारसे गाळले जात नाही. नदीतील मलिनता झऱ्यापर्यंत पोहोचते. म्हणून झऱ्याचे रक्षण करावयाचे तर आधी त्याचे मूळ जाणले पाहिजे.