तापलेली मोटार अडते तेव्हां

आपल्यापैकीं कांहीं शेतकऱ्यांच्या घरीं अद्याप एखादी प्रीमियर पद्मिनी किंवा कार्बुरेटरवर चालणारी जुनी मारुति ८०० आहे. ह्या गाड्यांची एक तक्रार सर्वांस ठाऊक आहे. सकाळीं थंड असतां गाडी चटकन् सुरू होते. उन्हांत तासभर चालल्यावर मात्र गर्दींत बंद पडते, किंवा दहा मिनिटें उभी केली कीं पुनः सुरू होत नाहीं.

गेल्या चैत्रांत आम्हांसही हाच अनुभव आला. सासवडहून अंजिरांच्या पाट्या घेऊन दिवेघाट उतरलों आणि हडपसरच्या गर्दींत मोटार थांबली. सेल्फ मारतां मारतां बॅटरी उतरली. गुलटेकडीच्या मार्केट यार्डांत पोहोंचलों तों सौदे उरकले होते, व मऊ पडलेलीं अंजिरें मिळेल त्या भावानें द्यावीं लागलीं. पुढें एका गॅरेजवाल्याच्या सल्ल्यानें आम्हीं नवा कार्बुरेटर बसविला. आठ दिवसांत दुखणें पुनः उद्भवलें. खरा दोष कॉइलचा होता. गॅरेजांत नेईपर्यंत इंजिन निवतें व दोष लपतो. पिकाची पाहणी जशी बांधावर जाऊन करावी, तसा ह्या दोषाचा पंचनामा गाडी तापलेली असतांना जागच्या जागींच केला पाहिजे.

तापलेल्या इंजिनास बहुधा तीन गोष्टी नडतात : पेट्रोल न येणें, पेट्रोल जादा होणें, किंवा ठिणगी जाणें. इंजिन बंद करतांच पंखा थांबतो व पाणी फिरेनासें होतें. पण लोखंडांतील उष्णता वर चढत राहते. पेट्रोलचे हलके अंश ४० अंशांच्या आसपास उकळूं लागतात. उष्णता पंपांत व नळींत शिरली तर पेट्रोलऐवजीं वाफ ओढली जाते. कार्बुरेटरच्या वाटींत शिरली तर पेट्रोल उसळून इंजिनांत उतरतें. दुखणीं उलट, म्हणून उपचारही उलट.

प्रथम विडीकाडी दूर ठेवून एअर फिल्टरचें झाकण काढावें. चावी बंद ठेवून ॲक्सिलरेटरचा दांडा हातानें ओढावा व कार्बुरेटरच्या तोंडांत पाहावें. पेट्रोलची बारीक धार उडाली नाहीं, तर पेट्रोल येत नाहीं असें समजावें. पंपावर व त्याच्या नळीवर ओलें फडकें ठेवून वीस मिनिटें बोनेट उघडें ठेवावें. रेडिएटरचें झाकण मात्र काढूं नये. हें वारंवार घडत असल्यास नळी सायलेन्सरच्या पाइपाजवळून जाते काय, पेट्रोलचा फिल्टर तुंबला आहे काय, टाकीच्या झाकणाचें छिद्र बुजलें आहे काय, हें पाहावें.

तोंड ओलें असून उग्र वास येत असेल, तर पेट्रोल जादा झालें आहे. अशा वेळीं चोक मुळींच ओढूं नये. ॲक्सिलरेटर पुनःपुनः न दाबतां तळापर्यंत दाबून धरावा व सेल्फ मारावा. पुढें फ्लोटची सुई, चोकची झडप व कार्बुरेटरखालील उष्णतारोधक ठोकळा तपासून घ्यावा.

पेट्रोल ठीक असेल तर ठिणगी पाहावी. फिल्टरचें झाकण बसवून, सांडलेलें पेट्रोल पुसून पूर्ण वाळूं द्यावें. एका प्लगची वायर काढून जवळच्या जादा प्लगास लावावी. तो कार्बुरेटरपासून दूर इंजिनच्या लोखंडास टेकवून ठेवावा, हात लावूं नये, व दुसऱ्याकडून सेल्फ मारवावा. ठिणगी निळी व कडक हवी. ती पिवळी, अशक्त असेल किंवा पडतच नसेल, आणि गाडी निवाल्यावर सुधारत असेल, तर कॉइल किंवा कंडेन्सर ह्यांवर संशय घ्यावा.

आतां एक नवी बाब. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल येऊं लागलें. ज्या वालचंद हिराचंदांनीं आपल्या जिल्ह्यांत वालचंदनगरचा साखर कारखाना उभारला, त्यांनींच १९४४ सालीं प्रीमियर कंपनी काढली. आज उसापासून झालेलें इथेनॉल त्याच कंपनीच्या जुन्या गाडींत जळतें. ऊस आपला असला तरी इथेनॉल जुन्या रबरास मानवत नाहीं व तें पाणी शोषतें. म्हणून नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घालाव्या, व गाडी महिनोन्महिने पेट्रोल भरून उभी ठेवूं नये.

कार्बुरेटर बदला असें कोणीं सांगितल्यास शेतकरी बंधूंनीं एकच विचारावें : गाडी तापलेली असतांना धार, वास व ठिणगी पाहिली काय? उत्तर न मिळाल्यास पैशाची पिशवी सोडूं नये.