पाथर्डी ते प्रवरानगर : ऊसतोड, बाईचं शरीर आणि हयातभराचा अभ्यास

क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा असलेला अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा, पाण्याच्या हिशेबाने दोन भागांत पडतो. उत्तरेला प्रवरा, मुळा आणि गोदावरीच्या कालव्यांवर पोसलेला उसाचा मुलूख आहे : कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासा. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना इथलाच. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने तो १९५०च्या अखेरीस सुरू झाला आणि महाराष्ट्रातल्या साखर सहकाराच्या इतिहासातला पहिला धडा ठरला. दक्षिण-पूर्वेला पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत हे अवर्षणाचे तालुके. पाथर्डीच्या डोंगरपट्ट्यातून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास माणसं ट्रक-ट्रॅक्टरमध्ये भांडीकुंडी, शेळ्या आणि पोरं घेऊन निघतात. काही दूर कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकात जातात, काही आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांवर उतरतात. स्थलांतराची दोन्ही टोकं एकाच जिल्ह्यात असावीत, ही अभ्यासकाला क्वचित मिळणारी गोष्ट आहे.

मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली जाते ती ‘कोयत्या’च्या हिशेबाने. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. एकटं माणूस अर्धा कोयता. नवऱ्याने ऊस तोडायचा, बायकोने पाचट काढायचं, मोळी बांधायची आणि डोक्यावर घेऊन गाडीत भरायची. कामाची वाटणी जागोजागी थोडी बदलते, पण जोडी मोडत नाही. खाडा पडला तर दंड दोघांच्या नावावर चढतो, आणि हंगाम संपेपर्यंत उचल फिटली नाही तर ती पुढच्या सालाला बांधली जाते.

या एका व्यवस्थेतून लग्नाचं वय ठरतं. मुलगा सोळा-सतराचा झाला की त्याचा अर्धा कोयता पुरा करावा लागतो. इकडे मुलीच्या आईबापांपुढे दुसरा पेच असतो. सहा महिने फडावर जायचं तर वयात आलेली पोर गावात कोणाच्या भरवशावर ठेवायची? आणि बरोबर न्यायची तर दार नसलेल्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, मुकादम आणि ड्रायव्हरांच्या येण्याजाण्यात, ती कितपत सुरक्षित? बालविवाहाला आपण अज्ञान म्हणतो, परंपरा म्हणतो. ऊसतोडीच्या पट्ट्यात तो मजुरीच्या कराराचा आणि असुरक्षिततेचा हिशेब आहे, आणि हा हिशेब लावणारे आईबाप पोरीचे वैरी नसतात. लग्न, समागम, पहिलं बाळंतपण हे सगळं कारखान्याच्या गाळप हंगामाने ठरावं, इतकं इथे अर्थव्यवहार आणि खासगी आयुष्य एकमेकांत गुंतलेलं आहे. म्हणूनच स्थलांतर, लैंगिकता आणि आरोग्य यांचा अभ्यास इथे वेगवेगळा करता येत नाही.

हे तिन्ही एकत्र अभ्यासणारी संशोधनाची एक मोठी शाखा अमेरिकेत मेक्सिकन आणि इतर लॅटिनो स्थलांतरितांच्या संदर्भात वाढली. तिची सुरुवात पुष्कळशी एड्सच्या साथीत झाली. हेक्टर कारिल्यो या समाजशास्त्रज्ञाने आधी मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात एड्सच्या काळातली लैंगिकता अभ्यासली. ते पुस्तक २००२ सालचं. पुढे त्याने सीमा ओलांडून अमेरिकेत आलेल्या मेक्सिकन समलिंगी पुरुषांकडे लक्ष वळवलं आणि २०१७ साली त्यावरचं पुस्तक प्रसिद्ध केलं. माणसं फक्त रोजगारासाठी घर सोडत नाहीत, हवं तसं जगता-प्रेम करता यावं म्हणूनही सोडतात, हे त्याने ठामपणे मांडलं. जेनिफर हिर्श या मानवशास्त्रज्ञ बाईंची पद्धत मला त्याहून जवळची वाटते. त्यांनी अटलांटात आलेल्या मेक्सिकन बायका आणि गावी राहिलेल्या त्यांच्याच बहिणी-जावा अशा जोड्या घेऊन लग्न, प्रेम आणि मूल होऊ देण्याचे निर्णय कसे बदलले ते टिपलं. पाथर्डीत एक जाऊ फडावर जाते आणि दुसरी म्हाताऱ्यांना व पोरांना सांभाळत मागे राहते, अशी घरं सहज सापडतील. ही पद्धत इथे उचलून आणायला कोणतीच अडचण नाही.

सेथ होम्स या डॉक्टर-मानवशास्त्रज्ञाचं काम तर आपल्या फडाच्या अगदी लगत येऊन उभं राहतं. तो ओआहाका प्रांतातल्या त्रिकी आदिवासी मजुरांबरोबर राहिला, त्यांच्याबरोबर वाळवंटातून सीमा ओलांडताना पकडला गेला, वॉशिंग्टन राज्यात त्यांच्याबरोबर स्ट्रॉबेरी तोडत बसला. त्याचं पुस्तक २०१३ साली आलं. दिवसभर वाकून गुडघा निकामी झालेल्या मजुराला दवाखान्यात काय ऐकावं लागलं, तर तू वाकतोस ते चुकीच्या पद्धतीने. दुखणं कामातून आलेलं असताना दोष मजुराच्या शरीरावर ठेवला गेला.

हे वाचताना बीड डोळ्यांपुढे येतं. २०१९च्या एप्रिलमध्ये ‘द हिंदू बिझनेसलाइन’मध्ये राधेश्याम जाधव यांची बातमी आली : ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढली गेली आहेत. त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झालेली आढळली. म्हणजे दर सहा बायकांमागे एक. २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण २.६ टक्के होतं. दोन पाहण्यांची पद्धत आणि वयोगट वेगळे असल्यामुळे आकडे शेजारी ठेवताना जपूनच ठेवावेत. पण इतकी मोठी दरी निव्वळ पद्धतीच्या फरकाने पडत नाही.

ही शस्त्रक्रिया होते कशी? चौदा-पंधराव्या वर्षी लग्न, विशीच्या आत दोन-तीन बाळंतपणं, मग कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन. पाळीच्या दिवसांतही मोळ्या उचलायच्या, कारण खाडा परवडत नाही. फडावर संडास नाही, अंघोळीला आडोसा नाही, पाणी लांबून आणायचं, पाळीचं कापड धुवायला आणि वाळवायला जागा नाही. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, रक्त जास्त जातं. यातल्या बहुतेक तक्रारी औषधोपचाराने आटोक्यात येणाऱ्या. पण खासगी दवाखान्यात ‘पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल’ असं सांगितलं की बाई घाबरते, आणि एकदाच काय ते होऊन जाऊ दे म्हणून पिशवी काढायला तयार होते. खर्चासाठी पुन्हा उचल. बीजांडकोशही काढले गेले तर तिशी-पस्तिशीतच रजोनिवृत्ती येते आणि हाडं ठिसूळ होऊ लागतात. ते राखले तरी रजोनिवृत्ती लवकर येण्याचा धोका असतो. शरीराला मिळालेली ही सगळी शिक्षा डोक्यावर ऊस वाहणाऱ्या बाईच्या वाट्याची आहे, हे विसरून चालणार नाही.

बातमीनंतर हालचाल झाली, ती नाकारायचं कारण नाही. केंद्राने २०२२ साली अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३मध्ये राज्यांना ती तीन महिन्यांत स्वीकारण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने ऊसतोड कामगारांच्या हालांची स्वतःहून दखल घेतली. मार्च २०२४मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने हा धागा थेट शीतपेयांच्या बड्या कंपन्यांच्या साखरेपर्यंत नेऊन भिडवला. महिला किसान अधिकार मंच आणि पुण्याच्या ‘सोपेकॉम’सारख्या संस्थांचे अभ्यासक-कार्यकर्ते या बायकांचे प्रश्न सातत्याने मांडत आले आहेत.

तरीही पिशवीच्या आकड्यावर येऊन सगळी चर्चा थांबते. त्या बाईचं लैंगिक आयुष्य कोणी विचारत नाही. सहा बाय आठच्या कोपीत पोरांच्या शेजारी नवराबायकोचं नातं कसं टिकतं? पहाटे तीन-चारला फडात जायचं असताना ‘नाही’ म्हणण्याची सोय बाईला असते का? ऑपरेशननंतर इच्छा, वेदना, नवऱ्याचं वागणं यांत काय फरक पडतो? विधवा किंवा टाकलेली बाई अर्धा कोयता म्हणून एकटी येते, तेव्हा तिला कोणाकोणाला तोंड द्यावं लागतं? एड्स नियंत्रणाच्या कार्यक्रमाने स्थलांतरितांचा विचार केला, पण त्याच्या नजरेपुढे एकटा पुरुष होता. ट्रकचालक आणि एकटे स्थलांतरित मजूर यांना त्याने ‘ब्रिज पॉप्युलेशन’ ठरवलं, म्हणजे संसर्ग एकीकडून दुसरीकडे नेणारा दुवा. ऊसतोड्या जोडीने जातो. त्या चौकटीत तो बसत नाही, आणि त्याची बायको तर मुळीच नाही.

मराठीत हे प्रश्न विचारण्याची हिंमत नवी नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ चालवून ती दाखवली. खेड्यातल्या बाईच्या अंगापर्यंत ती नेली डॉ. राणी बंग यांनी. गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० बायकांची तपासणी करून जानेवारी १९८९च्या ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी लिहिलं : ९२ टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आहे, आणि याआधी अशी तपासणी झालेल्या फक्त आठ टक्के. लोकसंख्या नियंत्रणापलीकडे बाईच्या आरोग्याकडे पाहायला या निबंधाने जगाला भाग पाडलं. तो लिहून राणीताई थांबल्या नाहीत, गडचिरोलीतच राहिल्या. यान ब्रेमन यांचंही तसंच. हे डच समाजशास्त्रज्ञ १९६२ साली दक्षिण गुजरातच्या खेड्यांत आले आणि पन्नासहून अधिक वर्षं तिथेच परतत राहिले. बारडोलीच्या सहकारी कारखान्यांसाठी ऊस तोडणाऱ्या खानदेशी मजुरांवर त्यांनी सत्तरच्या दशकात लिहिलं, तेव्हा ती माणसं आपल्या नकाशावर नव्हतीच.

अशी दीर्घ सोबत नगर जिल्ह्याने आरोग्यसेवेत पाहिली आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली जामखेडला आले आणि गावातल्या अशिक्षित, अनेकदा दलित बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवलं. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या कामातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे ज्ञानाची मालकी गावातल्या बाईकडे गेली. नगर शहरात डॉ. गिरीश कुलकर्णी यांच्या ‘स्नेहालय’ने १९८९पासून देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया आणि एचआयव्हीबाधित मुलांसोबत काम केलं. एकीकडे गावच्या बाईचं आरोग्य, दुसरीकडे शहरातली लैंगिकता. या दोहोंमधली फडावरची बाई मात्र वर्षाचे सहा महिने कोणत्याच गावची नसते. गावच्या आशाताईच्या वहीत ती ‘बाहेरगावी’ असते, आणि कारखाना परिसरातल्या आरोग्य केंद्राच्या वहीत तिचं नाव नसतं.

तिचा अभ्यास करायचा तर एका हंगामाचा प्रकल्प पुरणार नाही. दोन वर्षांच्या अनुदानात प्रश्नावली भरते. बाई बोलायला लागते ती तिसऱ्या-चौथ्या वर्षी, तीही विचारणारी तिच्या भाषेतली आणि शक्यतो तिच्याच वस्तीतली असेल तर. कोणत्या वयात लग्न, कोणत्या वयात पहिलं मूल, पिशवी कधी गेली, आणि पुढे तिच्या मुलीचं काय, हे कळायला वीस-पंचवीस वर्षं लागतात. एका प्राध्यापकाची जवळजवळ सगळी कारकीर्द. आपल्या विद्यापीठांनी आणि लोणीसारख्या ठिकाणच्या वैद्यकीय महाविद्यालयांनी एखाद्या तरुण अभ्यासक स्त्रीला ही मुभा द्यायला हवी, असं मला कळकळीने वाटतं.

संधी समोर आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी राज्याने २०२१ साली संत भगवानबाबा वसतिगृह योजना जाहीर केली : ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, प्रत्येक तालुक्यात मुलांचं एक आणि मुलींचं एक. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या दर टनामागे दहा रुपये घ्यायचंही ठरलं आहे. वसतिगृहात राहिलेली मुलगी आणि आईबापांमागे फडावर गेलेली तिच्याच वयाची, तिच्याच गावातली मुलगी, अशा जोड्यांची नोंद आज पाथर्डी, शेवगाव, जामखेडमध्ये सुरू करता येईल. पैसा त्याच दहा रुपयांतून काढता येईल, आणि माहिती गोळा करायला त्याच गावांतल्या बायका शिकवून तयार करता येतील. आज बारा वर्षांच्या असलेल्या या मुली २०४५च्या आसपास तिशी ओलांडतील. आईची पिशवी ज्या वयात गेली, त्या वयात मुलीचं काय झालं, याचं उत्तर त्या साली हाती यायचं असेल, तर पहिली नोंद या हंगामात, ट्रक गावाबाहेर पडायच्या आधी करावी लागेल.